गडगा ओलांडण्याआधी हाक मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात फासकीत, म्हणजे तारेच्या फासात, अडकून मेलेल्या बिबट्याची बातमी वाचली. फासकी लावणारा अज्ञात, जागा खासगी मालकीची, एवढे सांगून बातमी संपली. माझी जागाही अशीच खासगी मालकीची आहे, म्हणून हे पत्र. सावंतवाडी तालुक्यात आमची चार एकर काजू, पाऊण एकर भात आणि घरामागे डोंगराला लागून सहा-सात एकर रान आहे. माझे वय ६३. मिस्टर जाऊन आठ वर्षे झाली. मुलगा परदेशी, मुलगी कोल्हापूरला. बाग मी आणि वाडीतल्या तीन-चार बायका मिळून बघतो.

आधीच सांगते, रानडुकरांचा मला पुळका नाही. भात दुधात आले की एका रात्रीत अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, लोळवून टाकतात. खातात थोडे, तुडवतात जास्त. सुरण आणि कणगरे आम्ही लावायची ती त्यांच्यासाठीच, अशी गत झाली आहे. २०२३ च्या पावसात माडाची बारा रोपे लावली होती. दिवाळीपर्यंत दोन उरली. बाकीची मुळासकट उपटून खालचा नारळ फोडून खाल्लेला. मी डबे वाजवले, कुणग्याभोवती जुन्या साड्या बांधल्या, सलूनमधून केसांची पोती आणून बांधावर पसरली. आठ-दहा दिवस घाबरतात, मग साडीखालूनच आत येतात. तेव्हा डुकरे मारायलाच हवीत असे कोणी शेतकरी म्हणाला, तर मी त्याच्याच बाजूची आहे.

माझे म्हणणे वेगळे आहे. माझ्या जागेत बंदूक घेऊन येणाऱ्याने आधी मला विचारले पाहिजे.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट. काजूचा हंगाम भरात होता. झाडाखाली पडलेली बी ऊन चढायच्या आत गोळा करावी लागते, म्हणून बायका सकाळी सहालाच बागेत येतात. आमची निम्मी झाडे वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची. वर्षानुवर्षांत पसरून फांद्या पार जमिनीला टेकल्या आहेत. आत शिरायचे तर वाकून, कधी कधी गुडघ्यांवरच. बायका एकदा आत गेल्या की दहा हातांवरून फक्त पाला हललेला दिसतो. गळलेले बोंडू खायला डुकरेही रात्री याच झाडांखाली येतात, आणि उजाडता उजाडता रानाकडे परततात. शिकारी हे पक्के जाणून असतात.

साडेसहाच्या सुमाराला वरच्या अंगाला बार झाला. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, पत्र्यावर कोणी मूठभर खडे फेकावेत तसा आवाज आला. पाठोपाठ दोन पोरगे गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरून, खाली उतरले, डोक्याला बॅटऱ्या, मागून चार कुत्रे. मला पाहिल्यावर जागच्या जागी थांबले. त्यातला एक म्हणाला, "काकी, तुमी हंय आसात ता आमका म्हायत नव्हता."

पत्र्याला चार भोके पडली होती. मांगराच्या अलीकडे, पंधरा-वीस पावलांवर, आमच्यातली एक बाई काळपट पातळ नेसून झाडाखाली वाकलेली होती. तिला काही झाले नाही. पण ती त्या हंगामात पुन्हा बागेत आली नाही, आणि मी तिला बोलवायलाही गेले नाही. कोणत्या तोंडाने बोलवणार? मी पोलिसांत तक्रार दिली नाही. त्यातला एक पोरगा नात्यातला निघाला. तक्रार द्यायला हवी होती असे आज वाटते.

त्या पोराचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच माहीत नव्हते. आदल्या रात्री आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन त्याने एक हाक मारली असती, तर मी सांगितले असते की बाबा, सहा ते नऊ बायका बागेत असतात, त्या वेळी इकडे फिरकू नकोस. पुढे २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, तो माणूस मेला. ती बातमी वाचताना मला आमचे काळपट पातळ दिसत होते. बरोबर निघालेला माणूस जिथे ओळखू येत नाही, तिथे ज्याचा त्यांना पत्ताच नाही त्याचे काय?

विचारण्याची ही रीत मी नव्याने काढलेली नाही. माझे माहेर कुडाळ तालुक्यातले. १९७०-७१ च्या सुमाराला मी आठ-नऊ वर्षांची असेन. पारधीला जाणारी माणसे आदल्या संध्याकाळी आजोबांकडे यायची. बंदुका बाहेर पडवीच्या कुडाला टेकवून ठेवायची आणि खळ्यातच उभी राहायची. "आबानू, उद्या तुमच्या राईत हाको घालूचो आसा. ढोरां सोडू नकात." हाका म्हणजे आरडाओरडा करून जनावर रानातून बाहेर काढणे. मग आजोबा त्यांना सांगत, कुठल्या व्हाळावर (ओढ्यावर) बायका धुणे घेऊन जातात, कुठे लाकूडतोडे बसलेत, कुणाची गुरे सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळावर) आहेत. एकदा त्यांनी नाही म्हटलेलेही मला आठवते. "गाभण भेकर दिसली हा. म्हयनोभर त्या अंगाक जाव नकात." ती माणसे काही न बोलता दुसऱ्या डोंगराला गेली. शिकार मिळाली तर दुपारी चवईच्या (रानकेळीच्या) पानात बांधलेला वाटा घरी यायचा. आम्ही पोरे त्या पुडीभोवती जमायचो, आणि आजी मात्र तिकडे न बघता चूल पेटवायची.

ते दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर बंदी आली, ते योग्यच झाले. नाहीतर आज या डोंगरात सांबर आणि भेकर औषधालाही उरले नसते. या कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणे नव्हे. फासकी लावणे, सापळा लावणे, हाका घालणे, आमिष ठेवणे हे सगळे शिकारीतच धरलेले आहे. म्हणून जागामालकाने "ये बाबा, मार" म्हटले तरी त्याच्या म्हणण्याने शिकार कायदेशीर होत नाही. वाडीत पुष्कळांना वाटते, आपली जमीन, आपले डुक्कर. तसे नाही. जमीन आपली, डुक्कर सरकारचे.

मात्र याच कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट ठेवलेली आहे. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाले तर ते मारायची लेखी परवानगी मिळू शकते. २०१५ मध्ये आपल्या राज्य शासनाने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबतचे हे अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आणले. रोही आमच्याकडे नाहीत, ते विदर्भाचे दुखणे. आमचा संबंध डुकरांशी. परवानगीने मारलेले जनावरही सरकारजमा होते, मांस घरी नेता येत नाही. यामुळे बरेच जण या वाटेने जातच नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

आमचा एक शेजारी मात्र जातो. त्याच्याकडे पीक संरक्षणासाठीची परवान्याची ठासणीची बंदूक आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने वनखात्याकडे अर्ज केला, परवानगी मिळवली. पण नेमके त्याच वेळी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. भात डुकरांनी नेले. निवडणूक आणि भाताची कापणी एकाच महिन्यात आली की आमच्याकडे दरवेळी हेच होते, आणि त्याचा विचार मुंबईत कोणी करतो असे दिसत नाही. ते असो. बंदूक परत मिळाल्यावर, उन्हाळी भुईमुगाच्या वेळी, त्याने पुन्हा परवानगी काढली आणि तो माझ्याकडे आला.

कारण असे, की नुकसान त्याच्या शेतात होते, पण डुकरे दिवसा झोपतात आमच्या रानात. हे लक्षात घ्या, सगळा घोळ इथेच आहे. परवानगीच्या कागदावर शेतकऱ्याचा गट नंबर असतो. डुकराला गट नंबर कळत नाही. शेतात गोळी लागलेले डुक्कर तीन गडगे ओलांडून जाते, आणि जखमी डुक्कर मोकळे सोडता येत नाही. ते पुढच्या माणसाला फाडते. तेव्हा बंदूकवाल्याला मागे जावेच लागते, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत शिरावेच लागते. शेजाऱ्याने मला दाखवलेल्या अर्जात आजूबाजूच्या जमीनधारकांच्या सहीसाठी एक ओळही नव्हती.

तो आला तो संध्याकाळी, सोबत परवानगीची झेरॉक्स घेऊन. कुठल्या दोन दिवशी, किती वाजता, किती माणसे, कुत्रे किती, सगळे सांगितले. मी त्याला रानातल्या पाणवठ्याकडची बाजू मोकळी ठेवायला सांगितली, तिकडे लाकडे आणायला बायका जातात. त्या दोन दिवशी आम्ही गुरे गोठ्यातच ठेवली. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी स्वतः निरोप टाकला. एक डुक्कर पडले, वनरक्षक आले, पंचनामा झाला. कोणाला ओरखडा उठला नाही. रात्री मी शांत झोपले. शेजारी म्हणून मला त्या माणसाबद्दल आधीही आदर होता, आता जास्त आहे.

यावर मला नेहमी एकच गोष्ट ऐकवली जाते: "काकी, विचारायचे कोणाला? सातबाऱ्यावर पस्तीस नावे, निम्मी वारलेली, उरलेली मुंबईला." खरे आहे. आमच्या रानाच्या सातबाऱ्यावरच चौदा नावे आहेत. मिस्टरांचे चुलते, त्यांची मुले, एक आत्येनणंद. परळ, डोंबिवली, विरार, एक घर बडोद्याला. कोकणात जागा ओस पडून गचपण का वाढते आणि डुकरांना लपायला रान का मिळते, याचे उत्तर त्या चौदा नावांतच आहे. कोणी एकट्याने साफ करायची म्हटली तर दुसऱ्याला वाटते, हा बळकावतो आहे.

पण तीच चौदा घरे चतुर्थीला गावी येतात. यंदा, २०२५ मध्ये, २७ ऑगस्टला गणपती बसले आणि दुसऱ्या दिवशी, आरतीनंतर, सगळे माजघरात असताना मी एक कागद पुढे केला. मजकूर साधा लिहिला होता. "वनखात्याची लेखी परवानगी असलेल्या व्यक्तीने, मला आधी कळवून, मी सांगेन त्या वेळी, रानडुकरासाठी आमच्या सामायिक रानात यायला आमची हरकत नाही. फासकी, गावठी बॉम्ब आणि विजेची तार यांना आमची संमती नाही. ही संमती पुढच्या चतुर्थीपर्यंत." अकरा सह्या मिळाल्या. धाकट्या चुलत दिरांनी नाही म्हटले. ते माळकरी आहेत, जीव घ्यायला सही देणार नाही म्हणाले. मला ते पटले नाही, पण त्यांचा तो हक्क आहे, आणि म्हणून त्यांच्या वहिवाटीचा वरचा कोपरा मी कागदात वगळला. दोघे जण आलेच नव्हते, त्यांच्याशी फोनवर बोलले आहे. एका संध्याकाळीत होणारे हे काम आहे. मुंबईत हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला मी हात जोडून सांगते, तुमच्या जमिनीबद्दल गावचा कोणी फोन करून विचारत असेल तर "बघू नंतर" म्हणू नका. हो म्हणा किंवा नाही म्हणा. तुम्ही काहीच बोलला नाहीत की तिथे कोणीही शिरतो.

विचारण्याची ही पद्धत मी एकदा परमुलखातही पाहिली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी मुलाकडे अमेरिकेत ओहायो राज्यात होते. कोलंबस शहराच्या बाहेर त्याचे घर आहे, मागे पाचेक एकर झाडी. एका शनिवारी एक म्हातारा गृहस्थ आणि त्याचा नातू दारात आले. डोक्यावरची टोपी हातात. डिसेंबरमधल्या हरणांच्या बंदुकीच्या हंगामात तुमच्या झाडीत बसू का, असे विचारायला आले होते. तिथल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जागेत शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी लागते, आणि ती शिकारीच्या वेळी जवळ बाळगावी लागते. त्यांच्याकडे छापील नमुना होता, त्यावर सही घेतली. मुलाला काळजी होती, हा माणूस आपल्या जागेत पडला-धडपडला तर दावा आपल्यावर. तर त्याचीही सोय तिथल्या कायद्यात आहे, पैसे न घेता परवानगी देणाऱ्या मालकावर ती जबाबदारी येत नाही. मुलाने सांगितले, घराच्या दिशेने नळी नको आणि रविवारी नको. म्हाताऱ्याने दोन्ही गोष्टी त्याच कागदावर लिहून घेतल्या. मी नोव्हेंबरात परत आले. मुलगा सांगतो, तो माणूस दरवर्षी नवा कागद घेऊन येतो. तिथली शिकार हौसेची आणि परवान्याची, आमची पिकाच्या राखणीची. दोन्हींची बरोबरी मला करायची नाही. पण टोपी हातात घेऊन दारात उभे राहणे मी आजोबांच्या खळ्यातही पाहिले होते, आणि ते इतक्या लांब पुन्हा दिसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आता फासकीबद्दल, कारण पत्राची सुरुवात तिथूनच झाली. फासकी लावणारा कधीच विचारत नाही. मोटारसायकलच्या क्लचची वायर गडग्याच्या खिंडारात, डुकरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बांधायची आणि घरी जाऊन झोपायचे. तिथून डुक्कर जाईल की बिबट्या, वासरू जाईल की कुत्रा, वायरला काय कळणार? आमचा मोत्या गेल्या पावसाळ्यात असाच गेला. दोन दिवस सापडला नाही. सापडला तेव्हा वायर कमरेत रुतलेली होती, कोयत्याने तुटेना, पक्कड आणेपर्यंत संपला होता. बंदूकवाला निदान समोर येतो, त्याच्याशी बोलता येते. फासकीवाल्याचे तोंड आम्ही कधी पाहिलेले नाही. आणि बिबट्या मेला की वनखात्याची चौकशी येते ती आमच्या दारात, कारण सातबारा आमचा. या जुलैमध्येही मी रानातून तीन फासक्या काढल्या, वनरक्षकांना बोलावून त्यांच्या हाती दिल्या. ज्यांच्या जागेत फासकी दिसेल त्यांनी ती गुपचूप फेकून देऊ नये, कळवावी. नंतर काही झाले तर आपण आधी कळवले होते याची नोंद तरी राहते.

वनखात्याला माझी मागणी मोठी नाही. डुकराच्या परवानगीच्या अर्जात लगतच्या जमिनी कसणाऱ्यांची नावे आणि सह्या यांसाठी जागा ठेवा. सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या नकोत, त्या कधीच जमणार नाहीत आणि तोवर भात संपेल. जो तिथे राहतो, कसतो, ज्याची माणसे तिथे काम करतात, त्याची सही पुरे. परवानगी दिली की दिवस आणि वेळ पोलीस पाटलांना कळवा, त्यांनी वाडीत सांगावे. शेतकऱ्याला यापायी चार दिवस थांबवून ठेवू नका, नाहीतर तो पुन्हा रात्रीच्या अंधारात जाईल, आणि मग मी हे पत्र लिहून चूक केली असे होईल.

मार्चमधल्या त्या सकाळीनंतर आम्ही बेड्याजवळ, म्हणजे बागेच्या फाटकाजवळ, एक पाटी लावली आहे. "आत बायका काम करतात. बंदूक घेऊन येण्याआधी फोन करा", आणि खाली नंबर. हसणारे हसले. पण दीड वर्षात दोन फोन आले. एकदा रात्री साडेनऊला पलीकडच्या गावातून आला, परवानगीचा कागद नव्हता, मी नाही म्हटले. "बरां काकी" म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि त्या रात्री आमच्या बाजूला बार ऐकू आला नाही. दुसरा फोन त्या शेजाऱ्याचा.

भात आता पोटरीत आहे. पंधरा-वीस दिवसांत दुधात येईल. शेजाऱ्याने या मोसमासाठीचा अर्ज सोमवारी दिला, त्याला आमच्या अकरा सह्यांचा कागद जोडला आहे. कार्यालयात हा कागद लागत नाही म्हणून सांगण्यात आले. तो परत न करता अर्जासोबत फायलीला लावावा, एवढी संबंधितांना विनंती.

आपली विश्वासू,
एक काजू बागायतदार
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. छापू नये.)